किल्ला ढासळू द्या

दिवाळीत तयार किल्ला घरी आणणाऱ्या आई-बाबांना मला एकच गोष्ट विचारायची आहे. तो ढासळणार कधी?

पीओपीचा किंवा फायबरचा किल्ला टेम्पोतून उतरतो, गॅलरीत मांडला जातो, वर महाराज बसतात, दाराशी दोन मावळे उभे राहतात, फोटो निघतो. संपलं. त्याला तडा जात नाही, तो खचत नाही, रात्री मांजर चढून त्याचा बुरूज पाडत नाही. सकाळी डोळे चोळत धावत जाऊन बघावं असं त्यात रात्रभरात काहीच घडलेलं नसतं. आणि मग चारच दिवसांनी आपण म्हणतो, पोरांना हल्ली कशातच रस नाही.

मोबाइलवर खापर फोडू नका. मुलं मोबाइलकडे गेली ती नंतर. त्याआधी आपण त्यांच्या हातातली माती काढून घेतली. सोसायटीच्या फरशा खराब होतात म्हणून, कपडे मळतात म्हणून, सर्दी होईल म्हणून, आणि खरं सांगायचं तर आवरायला आपल्याला वेळ नाही म्हणून. सहामाही परीक्षा संपल्यावर मिळणारे दोन-तीन आठवडे ही मराठी मुलाला मिळणारी सगळ्यात मोठी कार्यशाळा होती. तिथे शिक्षक नव्हता, गुण नव्हते, फी नव्हती. आपण ती बंद केली आणि त्या जागी ‘हॉबी क्लास’ला नाव घातलं.

ढासळणं हाच किल्ल्याचा अभ्यास आहे. पहिल्या दिवशी पोरं दगड-विटांचा ढीग रचतात आणि वरून माती ओततात. माती घसरते. पुन्हा ओततात, पुन्हा घसरते. कोरडी माती किंवा वाळू ठरावीक उतारापेक्षा जास्त उभी राहतच नाही. कोरड्या वाळूचा हा उतार साधारण ३० ते ३५ अंशांचा असतो. मग कुणाला तरी पाणी आणायचं सुचतं. ओलसर माती कड्यासारखी उभी राहते, कारण कणांच्या फटींत अडकलेलं थोडंसं पाणी त्या कणांना एकमेकांकडे ओढून धरतं. यश मिळालं म्हणून पोरं आणखी बादलीभर पाणी ओततात आणि अख्खा कडा चिखल होऊन पायाशी येतो. पाण्यानंच बांधलं आणि पाण्यानंच पाडलं. हेच पुढे इंजिनिअरिंग कॉलेजात मृदा यांत्रिकी या नावानं शिकवतात, आकृत्या काढून आणि समीकरणं मांडून. सातवीतल्या पोरानं ते दोन्ही हातांनी आणि गुडघ्यांनी शिकलेलं असेल, तर त्या समीकरणात काय लिहिलंय हे त्याला नंतर सांगावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी भेगा. काळी माती वापरली असेल तर जास्तच, कारण ती ओली असताना फुगते आणि वाळताना आक्रसते. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला हे ठाऊक असतं, त्यानं उन्हाळ्यात रानात पडलेल्या भेगा पाहिलेल्या असतात. शहरातल्या मुलाला किल्ल्यापाशीच कळतं. मग शेजारचे काका सांगतात, की मातीत भुसा मिसळ, थोडं शेण घाल. तंतू मातीला धरून ठेवतात, भेग पसरू देत नाहीत. आणि सगळ्यांत नामी उपाय म्हणजे गोणपाट. जुनं पोतं फाडायचं, पातळ चिखलात बुचकळून काढायचं, दगडांच्या रचनेवर पसरायचं आणि ओलं असतानाच हातानं दाबून कडे, घळी, सोंडा काढायच्या. वाळलं की डोंगर तयार. गोणपाट ताण सोसतं, माती दाब सोसते. काँक्रीटमध्ये सळई का घालतात, ते इथं पोत्याच्या रूपात समोर उभं असतं. ही युक्ती कुण्या पुस्तकातून आलेली नाही. कुणाच्या तरी अंगणात किल्ला चार वेळा पडला असणार, पाचव्या वेळी कुणीतरी पोतं ओढून आणलं असणार, आणि ती गल्लीगल्लीतून पसरली.

चौथ्यांदा पडेपर्यंत वाट बघायची आपली तयारी आहे का? मला इथंच पालकांशी भांडायचं आहे.

कारण तयार किल्ल्याहून मोठं संकट म्हणजे बाबांनी केलेला किल्ला. बाबा उत्साही असतात, त्यांचं बालपण त्यांना पुन्हा हवं असतं, आणि मुलाला ते ‘थांब, मी दाखवतो’ म्हणतात. त्या तीन शब्दांत किल्ला हातचा गेला. मुलगा पाणी आणणारा गडी होतो. पहिला बुरूज वाकडा झाला की बाबा तो काढून सरळ करतात. तटाला तडा जायच्या आत सिमेंट लावतात. संध्याकाळी शेजारीपाजारी कौतुक करतात तेव्हा मुलगाही मान डोलावतो, पण त्याला विचारा की या बाजूला उतार जास्त का ठेवलास, तर तो बाबांकडे बघतो. बाबांनी आपला वेगळा किल्ला करावा, शेजारी करावा, हवा तेवढा देखणा करावा. मुलाच्या मातीला बोट लावू नये. मुलानं विचारलं तरच सांगावं, आणि तेही अर्धंच सांगावं.

विकत काय घ्यावं याबद्दलही माझं मत पक्कं आहे. किल्ला विकत घेऊ नये. चित्रं जरूर घ्यावीत. कुंभारवाड्यात साच्यातून काढून रंगवलेली मातीची चित्रं, म्हणजे मावळे, गवळण, तुतारीवाला, बैलगाडी, बसका वाघ, ही कारागिराची कला आहे आणि त्याची दिवाळी त्यावर असते. त्याच्याशी घासाघीस करू नका. मावळ्याचा एक हात वाळताना वाकला असेल तर तोच घ्या. मुलं त्याला नाव ठेवतील, त्याची एक हकिकत तयार करतील, लढाईत हात गेलेला तो एकच मावळा पुढची कित्येक वर्षं किल्लेदार म्हणून मिरवेल.

आता पाणी. किल्ल्यावर तळं हवंच असा हट्ट प्रत्येक पोराचा असतो. आइस्क्रीमचा डबा पुरतात, कडेनं माती लिंपतात, पाणी भरतात. यात खेळ आहेच, पण यात इतिहासाचा गाभाही आहे. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर टाकी खोदताना निघालेला दगड बांधकामाला लागायचा आणि उरलेल्या खड्ड्यात पावसाचं पाणी साठायचं. एकाच घणानं तट आणि तळं दोन्ही. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या आज्ञापत्रात दुर्गांचं प्रकरण आहे. त्यात किल्ला बांधण्याआधी पाणी पाहावं, नसेल आणि जागा सोडता येत नसेल तर खडक फोडून टाकी बांधावीत, आणि एका झऱ्यावर विसंबून राहू नये, अशी ताकीद आहे. कारणही दिलंय. लढाईत तोफांच्या दणक्यानं झऱ्याचं पाणी आटू शकतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेला हा विचार सहावीतल्या मुलाला वाचून दाखवा आणि मग त्याच्या किल्ल्यावर किती तळी आहेत ते मोजायला सांगा. एकच असेल तर दुसऱ्या दिवशी दोन होतात. मी हे होताना पाहिलंय.

तळ्यानंतर कारंजं येतंच. सलाईनची नळी कुठून तरी मिळवलेली असते. एक टोक खिडकीच्या गजाला टांगलेल्या बाटलीत, दुसरं मातीखालून दरबारासमोर, टोकाला रिकाम्या रिफिलचं तोंड. बाटली उंच नेली की धार उंच उडते, खाली आणली की झिरपते. बाटलीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा धार वर जात नाही, कितीही आटापिटा केला तरी. पाण्याला वर चढवायचं तर आधी कुणीतरी ते वर वाहून न्यावं लागतं, ही गोष्ट मुलं बाटली पुन्हा पुन्हा भरताना शिकतात. ज्या किल्ल्यात छोटा विजेचा पंप बसवलाय, त्या किल्ल्यातलं कारंजं जास्त सुंदर दिसतं आणि काहीही शिकवत नाही.

हिरवळीचं गणित मला विशेष आवडतं. अळीव भिजला की त्याच्याभोवती चिकट बुळबुळीत थर येतो, म्हणून उभ्या उतारावरही तो घसरत नाही. मोहरी सपाट माचीवर बरी. कोंब दिसायला तीन-चार दिवस लागतात, गव्हाला थोडे अधिक. लक्ष्मीपूजनाला किल्ला हिरवा हवा असेल तर पेरायचं कधी? मुलाला कॅलेंडर उलटं मोजावं लागतं. वसुबारसेच्या आधी पेरायचं तर त्याआधी माती घट्ट बसायला हवी, त्याआधी दगड, त्याआधी पोतं मिळवायचं, म्हणजे परीक्षेच्या शेवटच्या पेपरच्या संध्याकाळीच निघायला हवं. मोठी माणसं ऑफिसात यालाच नियोजन म्हणतात आणि त्याची प्रशिक्षणं घेतात. इथं चुकलं तर कुणी रागावत नाही, फक्त पाडव्याला किल्ला टकला राहतो आणि भाऊबीजेनंतर हिरवा होतो. पुढच्या वर्षी ती चूक होत नाही.

दरवाजाकडे मात्र फारच थोडे लक्ष देतात, आणि ही आमची मोठ्यांची चूक आहे. बहुतेक किल्ल्यांना दार समोरच असतं, रस्ता थेट त्याच्याकडे जातो, रंगवलेल्या भुशानं सजवलेला. मुलाला रायगडाचा महादरवाजा एकदा दाखवा. तो दोन बुरुजांच्या मध्ये दडलेला आहे, चढून येणाऱ्याला समोरून दिसतच नाही. वळण घेऊन आत शिरावं तेव्हा कळतं की आपण दोन्ही बुरुजांच्या माऱ्यात उभे आहोत. वळणामुळे हत्तीला धावत येऊन दारावर धडक द्यायला जागा मिळत नाही. याला गोमुखी रचना म्हणतात. हे सांगून थांबा. ‘मग तुझं दार कुठं करशील?’ एवढंच विचारा. दहा वर्षांचं पोर यावर अर्धा तास मातीत आडवं पडून, डोळा जमिनीला लावून शत्रूच्या नजरेनं बघतं. तेवढा अर्धा तास कुठल्याही इतिहासाच्या तासाला मिळत नाही.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. महाराष्ट्रातले ११ आणि तमिळनाडूतला जिंजी. साल्हेरपासून सिंधुदुर्गापर्यंतची ती नावं वाचताना मला मनापासून आनंद झाला. पण त्याचबरोबर एक धास्तीही वाटली, ती बोलून टाकतो. किल्ला स्पर्धांमध्ये आधीच ‘हुबेहूब प्रतिकृती’चं खूळ आहे. उपग्रहाचा नकाशा छापून आणायचा, प्रमाण काढायचं, राजगडाच्या तिन्ही माच्या अंशन् अंश बसवायच्या. हे काम मोठी मुलं करतात, मंडळं करतात, आणि ते चांगलं काम आहे. संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी मातीत करायला जो बसतो तो राजगड आयुष्यभर विसरत नाही. पण तिसरी-चौथीतल्या मुलाला प्रतिकृतीत बांधलं की त्याचा स्वतःचा किल्ला मरतो. ज्या किल्ल्यावर महाराज दरवाजाहून मोठे आहेत, बालेकिल्ल्याशेजारी प्लास्टिकचा डायनोसॉर पहारा देतोय, खंदकात मगरीसोबत बदक आहे आणि पायथ्याशी क्रिकेटचा सामना चाललाय, तो किल्ला आधी व्हायला हवा. महाराज मोठे का, असं त्याला विचारू नका. जुन्या चित्रांतही राजा दरबाऱ्यांहून मोठा काढत; मुलाला ते कुणी न शिकवता कळलेलं असतं. बाराव्या वर्षी तो आपण होऊन म्हणेल, या वर्षी खरा राजगड करू. तेव्हा त्याला राजगडावर घेऊन जा.

बेळगावच्या गल्ल्यांतली पोरं सीमेपलीकडे राहूनही दिवाळीत किल्ले करतात, खपून करतात. सांगली, सातारा, कोल्हापूर, पुणे, ठाणे, सगळीकडे हे अजून जिवंत आहे. म्हणूनच आत्ता बोलायला हवं. परंपरा मेल्यावर तिच्यावर परिसंवाद घेण्यात अर्थ नाही.

आकाशकंदिलाचंही किल्ल्यासारखंच झालंय, तोही आता तयारच घरी येतो. माहीमच्या कंदील गल्लीत दिवाळीआधी जाऊन बघा, नजर ठरत नाही इतके रंग. ते विकणाऱ्या-बनवणाऱ्यांचं पोट त्यावर आहे, त्यांच्याकडून घेऊ नका असं मी म्हणणार नाही. एक त्यांच्याकडून घ्या आणि एक घरात करा. वेडावाकडा, एका बाजूला झुकलेला, खळीचे डाग पडलेला. बांबूच्या कामट्यांचा चौकोन दोऱ्यानं बांधला की तो हातात लचकतो, दाबला की पतंगासारखा तिरपा होतो. त्याला कोपऱ्यातून कोपऱ्यात एक तिरकी कामटी बांधा. ताठ उभा राहतो. चौकोनाचे दोन त्रिकोण झाले आणि त्रिकोण हलत नाही. रेल्वेचा पूल, विजेचा मनोरा, पत्र्याच्या शेडच्या कैच्या, सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

अरविंद गुप्ता यांनी हेच काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी घेऊन देशभरच्या मुलांना शिकवलं. आयआयटी कानपूरचा हा इंजिनिअर पुण्यात टेल्कोत होता; १९७८ मध्ये रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेला आणि खेडोपाडीच्या बाजारात जे मिळतं त्यातून विज्ञान करायला लागला. नळीचा तुकडा, दोन काड्या. तीन काड्यांचा त्रिकोण ताठ, चार काड्यांचा चौकोन लुळा. पुढे आयुका या खगोल संशोधन संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी कचऱ्यातून खेळणी केली, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला त्यांच्या कामातली सगळ्यांत मोठी गोष्ट वाटते ती ही, की खेळणं मोडून आत काय आहे ते बघण्याचा मुलाचा हक्क त्यांनी मान्य केला. आपल्या घरात मोडलं की पाठीत धपाटा मिळतो.

तिकडे शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तो याच विश्वासावर, की हात चालला की डोकं चालतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी १० दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा लोकांकडे शिकावं असं लिहिलेलं आहे. चांगलं आहे, व्हावं. पण दिवाळीची सुट्टी दरवर्षी त्याहून जास्त दिवस देते आणि तिला कुठल्या परिपत्रकाची गरज नाही. शाळांनी फक्त एक करावं. सुट्टीच्या ‘प्रकल्पवह्या’ बंद कराव्यात. स्टेशनरीच्या दुकानातून चिकटचित्रं आणून आई रात्री दोनला पूर्ण करते त्या वह्यांनी कुणाचंच भलं झालेलं नाही.

आता मुलींबद्दल, आणि हे मला सगळ्यांत जास्त टोचतं.

किल्ला मुलांचा, रांगोळी मुलींची, ही वाटणी कोणी केली? हिरकणीचा बुरूज अंगणात मुलगे बांधतात आणि मुलगी दाराशी ठिपके मोजत बसलेली असते. बाळासाठी रात्री कडा उतरून गेलेल्या बाईची गोष्ट तिला सांगायची, पण तो कडा रचायला तिचा हात लावू द्यायचा नाही. किल्ल्यात मुलगी आलीच तर ती शेवटी येते, चुन्याची पायवाट आखायला, म्हणजे पुन्हा सजवायला. दगड कुठला खाली आणि कुठला वर, हे ठरवण्यात तिचं मत घेत नाहीत. पुढे इंजिनिअरिंगच्या वर्गात तिला वर्कशॉपची भीती वाटते म्हणून आपण हळहळतो. भीती वाटणारच. हातोडी, पक्कड, कामटी, कोयता यांच्याशी तिची ओळख वयाच्या अठराव्या वर्षी करून दिलीत तुम्ही. आणि उलट बाजूही तितकीच खरी. ठिपक्यांच्या रांगोळीत सममिती आहे, मोजणी आहे, एकदाही हात न उचलता सगळ्या ठिपक्यांना वळसा घालण्याचं कोडं आहे. मुलांना त्यापासून वंचित का ठेवता? या दिवाळीत अदलाबदल करा. मुलगी किल्ल्याची म्होरकी, मुलगा रांगोळीवर. कुरकुर एक दिवस टिकते.

आता किल्ला पाडण्याबद्दल. गोव्यात नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री नरकासुर उभे राहतात. पोरं कित्येक दिवस बांबू, गवत, कागद घेऊन खपतात, आणि पहाटेच्या आत सगळं जाळून टाकतात. तिथंही मुखवटे आता बाजारात तयार मिळतात. तरी एक गोष्ट गोव्याच्या पोरांकडून घ्यावी. इतकी मेहनत केलेली वस्तू जपून ठेवायची नसते, हे त्यांना कळलेलं आहे. आपल्याकडेही तुळशीच्या लग्नानंतर किल्ला सुतळी बॉम्बनं उडवायची रीत होती, आणि ज्या मुलानं बुरूज बांधला त्यालाच तो उडवायचा मान मिळायचा. फटाका नको तर पाण्याच्या पाइपनं पाडा. पण पाडा. माती वाळवून पोत्यात भरून जिन्याखाली ठेवा, पुढच्या वर्षी तीच लागेल. फायबरचा किल्ला माळ्यावर धूळ खातो आणि पुढच्या वर्षीही तोच येतो, त्याच बुरुजांसह, त्याच दारासह. मग पुढच्या वर्षी मुलानं करायचं काय?

सोसायट्यांच्या कमिट्यांना हात जोडून सांगणं आहे. तुमच्याकडे पाहुण्यांच्या गाड्यांना जागा आहे, जिमला आहे, कबुतरांच्या जाळ्यांना पैसे आहेत. पार्किंगच्या कोपऱ्यात सहा बाय सहा फूट जागा तीन आठवडे मुलांच्या नावानं सोडा. खाली जुनं ताडपत्रीचं कापड अंथरा, गटाराच्या तोंडावर जाळी बसवा, बागेतल्या नळाची चावी मुलांकडे द्या. माती माळीदादांकडून एकदा विकत आणा, विटांचे तुकडे रस्त्यापलीकडच्या बांधकामावर मागितले तर मिळतात. साफसफाईची जबाबदारी मुलांवर लेखी द्या; ती पार पाडतात. आणि ‘चिखल करू नये’ ही पाटी त्या तीन आठवड्यांपुरती काढून ठेवा.

शेवटी किल्ला स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांसाठी काही नियम सुचवतो, या वर्षीच अमलात आणण्यासारखे. परीक्षकानं किल्ल्यावर वरून तांब्याभर पाणी ओतावं. पाणी वाट काढून खाली गेलं, तळ्यात साठलं, तट शाबूत राहिला तर पूर्ण गुण. तट खचला तर मुलांना तो पुन्हा उभारायला तासाभराचा वेळ द्यावा आणि दुरुस्तीला वेगळे गुण ठेवावेत, बांधकामाहून जास्त. दार इथंच का केलं, असं विचारावं आणि उत्तर मुलाकडूनच घ्यावं. संघात मुलगी नसेल तर प्रवेशिका परत करावी. तयार तुकडे वापरलेला किल्ला प्रदर्शनात ठेवावा, स्पर्धेत नको. बक्षीस म्हणून ढाली-करंडक न देता चांगली थापी, करवत, पक्कड द्यावी. आणि परीक्षण चालू असताना पालकांना फाटकाबाहेर चहा द्यावा, तो संपेपर्यंत त्यांना आत सोडू नये.